हळदीचं पाणी

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय सगुणा,

सुटले बाई एकदाची. काल तुमच्या मांडेपाड्यात आमच्या कंपनीचे नळ सुरू झाले. नारळ तुझ्या बाबांनी फोडला, म्हणजे घरी सगळी हकिगत पोचलीच असेल. तू मात्र शाळेतून आली नाहीस. मी तुला गर्दीत शोधत होते. पण साहेबांच्या गाडीतून उतरून मी 'ए सगुणा' अशी हाक मारली असती, तर गावाने तुला कंपनीची माणूस ठरवलं असतं आणि कंपनीने मला गावाची. म्हणून तर रोज डोंबिवलीला, तुमच्या गावाला लागून असलेल्या कारखान्यात येऊनही मी तुला पत्र लिहीत बसते.

अध्यापक विद्यालय सोडून मी समाजकार्य शिकायला गेले आणि मग रंग बनवणाऱ्या कारखान्यात 'कल्याण अधिकारी' झाले, तेव्हा तू काय म्हणाली होतीस आठवतं? 'दोन म्हशी झुंजताना मधे उभं राहून दोघींची शिंगं धरायची, आणि महिनाअखेर पगार घ्यायचा.' खरं सांगते, ही दोन वर्षं तशीच गेली. तुमच्या विहिरीच्या पाण्याला रंग यायला लागला, मग तुमच्या लोकांनी फाटकासमोर बैलगाड्या आडव्या लावल्या, मग पोलीस, मग तुझ्या बाबांचं भाषण, मग आमच्या वकिलांचं उत्तर. मी रात्री झोपेत सुद्धा 'शांत व्हा, शांत व्हा' म्हणते असं आई सांगते.

पण काल सगळं मिटलं. नळ दिले, गावातल्या पोरांना नोकऱ्या दिल्याच होत्या, गावदेवीच्या देवळाला फरशीही घालून देणार आहोत. नारळ फुटल्यावर चहा-भजी झाली. आमचे मेहेंदळे साहेब इतके मोकळे मी कधी पाहिले नव्हते. विहिरीचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "अहो, आता घरात नळ आलाय. आणि विहिरीचं पाणी थोडं पिवळं झालं तर बरंच की, लग्नात तेवढी हळद वाचेल." तुझे बाबा हसले, आमच्याकडे कामाला लागलेला तुमचा पंढरी हसला, सगळे पुरुष हसले. बायका पलीकडे दाराशी उभ्या होत्या, त्या हसल्या की नाही ते मला दिसलं नाही. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांवर फिर्यादी केल्या ती माणसं एका ताटातली भजी खात होती. मला रडूच यायचं बाकी होतं.

आता तुझं सांग. तुझ्या होणाऱ्या सासरची, बाळकुमची मंडळी लग्नाची तारीख काढायला कधी येताहेत? सहदेवरावांना म्हणावं, बसमध्ये सगळ्यांना 'पुढे सरका' म्हणता, आता स्वतः सरका.

तुझी
शुभदा

•

मांडेपाडा
२० नोव्हेंबर १९८६

प्रिय कल्याण अधिकारी,

नळाला पाणी येतं. खरंच येतं, आणि त्यासाठी तुझे आभार मानते, अगदी मनापासून. आईने पहिल्या दिवशी हंडे भरले, कळशा भरल्या, पातेली भरली, आणि भरायला काही उरलं नाही तरी नळ बंद करेना. म्हणाली, "जरा बघू दे मना." माझ्या आईने आजवर कुठल्याही गोष्टीकडे नुसतं बघत वेळ घालवलेला नाही. म्हणजे तू काहीतरी चांगलं केलंस.

विहीर मंगळवारी पिवळी होती, शुक्रवारपासून गुलाबी आहे. तुमच्या कंपनीत आता कुठला रंग बनतोय ते आमच्या बायकांना तुमच्या साहेबांच्या आधी कळतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी इंद्रधनुष्य शिकवायला गेले तर एक जण म्हणाला, बाई, आपल्या विहिरीत निळा अजून आला नाही.

साहेबांचा विनोद आमच्याकडे पोचला. बायका हसल्या की नाही तुला दिसलं नाही म्हणतेस. त्या तेव्हा कपबशा उचलत होत्या.

बाळकुमचं काय विचारतेस? बघू. सध्या घरात जरा वेगळंच चाललंय. आवडाबाई, माझी आत्या, आठवते ना तुला? आमच्या लग्नांतून धवला गाणारी, विधी सांगणारी. आमच्याकडे भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण लागतेच. तिने हल्ली कुठे जायचं बंद केलंय. घसा बसलाय म्हणते. भांडताना बसलेला वाटत नाही.

तब्येत सांभाळ. आणि झोपेत बोलणं सोड, लग्नानंतर महागात पडेल.

सगुणा

•

नौपाडा, ठाणे
२ फेब्रुवारी १९८७

प्रिय सगुणा,

रागावू नकोस, पण मला एक गोष्ट तुझ्याकडून नाही, रजेच्या अर्जांवरून कळावी याचं वाईट वाटलं. दर वर्षी तुळशीचं लग्न झालं की तुमच्या गावच्या पोरांचे अर्ज येतात, भावाचं लग्न, मामाकडची हळद, स्वतःचं लग्न. तुमच्या हळदीला जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी यंत्रावर उभा करू नये असा आमच्याकडे अलिखित नियमच आहे. यंदा एकही अर्ज नाही. मी भिवाजीला विचारलं, "काय रे, तुझं ठरलेलं ना?" तर मान खाली घालून म्हणाला, "थांबलंय, मॅडम." पंढरीला विचारलं, तोही तेच. अख्ख्या मांडेपाड्यात या हंगामात एकही लग्न नाही?

आणि तू 'बघू' म्हणून मोकळी झालीस.

मला कळलं गं. भाव किती वाढलेत, मांडव घातला की गावजेवण आलं, आणि तुम्ही लोक हात आखडून करणार नाही. माणसं सांगायला लाजतात. म्हणून मी स्वतःच एक योजना लिहून मेहेंदळे साहेबांपुढे ठेवली, आणि त्यांनी एका दिवसात मंजूर केली. कंपनी सामुदायिक विवाह करून देणार. मांडव कंपनीचा, बँड कंपनीचा, जेवण कंपनीचं, प्रत्येक जोडप्याला भांड्यांचा संच. हळदीच्या आंघोळीसाठी पाण्याचा वेगळा टँकर सुद्धा सांगून ठेवलाय, कुठे काही कमी पडायला नको. जागा तुझ्या शाळेचं मैदान. साहेब म्हणाले, "शुभदा, याला म्हणतात गावाशी नातं जोडणं." मला इतका आनंद झाला की मी येताना राम मारुती रोडवरून पेढे घेऊन आले.

तू एवढंच कर. लग्नं थांबलेल्या जोडप्यांची नावं मला पाठव. पहिलं नाव तुझं आणि सहदेवरावांचं घालू का?

तुझी
शुभदा

•

मांडेपाडा
८ फेब्रुवारी १९८७

शुभदा,

नावं पाठवत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, तू सगळं माहीत असून थट्टा करते आहेस. मग वाटलं, नाही, हिला खरंच माहीत नाही, आणि ते मला जास्त लागलं.

आमची लग्नं पैशांवाचून थांबलेली नाहीत. आमच्याकडे नवरीची असो की नवऱ्याची, हळदीची आंघोळ गावाच्या विहिरीच्या पाण्याने होते. पाच सवाशिणी वाजत-गाजत विहिरीवर जातात, विहिरीला हळदकुंकू वाहतात आणि पाणी मागून आणतात. मागून, शुभदा. मांडेपाड्यातली प्रत्येक बाई त्या पाण्याने नवरी झाली आहे. दोन वर्षं पाणी रंगीत येत होतं तरी बायका गाळून, निवळून, जरा बरं दिसेल त्या दिवशी भरून ठेवून कसंतरी भागवत होत्या. कारण पुरुष सांगत होते, भांडण चालू आहे, कंपनी विहिरीचं करून देईल.

मग तुमचे नळ आले आणि भांडण मिटलं. विहिरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि तुझे साहेब म्हणाले, हळद वाचेल. आणि आमचे पुरुष हसले.

त्या संध्याकाळी आवडाआत्या आमच्या ओटीवर आली. बाबांना म्हणाली, "काळू, तू हसलास ना रं? मंग आता तूच गा धवला. मी ही हिरी साफ झाल्याबिगर कुनाचे हलदीला उभी रेनार नाय." बाबांनी समजावलं, गावकीने समजावलं. बाहेरगावची धवलारीण आणू म्हणाले, तर एकही यायला तयार होईना. आत्याने सगळ्यांना निरोप पाठवला होता. हा तिचा बसलेला घसा.

मी आधी तिच्यावरच चिडले. मास्तरीण आहे मी, म्हटलं पाणी ते पाणी. तिने एवढंच विचारलं, "तुजे आयशीचे अंगाव जो पानी परला, तो तुजे अंगाव नको का?" 

बाळकुमच्या लोकांनी वैशाखापर्यंत थांबायचं कबूल केलंय. सहदेवची आई आजारी असते, तिला सून बघायची आहे. वैशाखात झालं नाही तर ते दुसरीकडे बघतील. सहदेव नाही म्हणतो, पण तो त्याच्या आईला किती दिवस नाही म्हणेल? मला तो हवा आहे, शुभदा. हे मी घरात कुणाला बोलू शकत नाही, म्हणून तुला लिहिते.

आणि तू टँकर सांगून ठेवला आहेस.

सगुणा

•

नौपाडा, ठाणे
२२ मार्च १९८७

प्रिय सगुणा,

दीड महिना मी तुला लिहिलं नाही. नुसती 'चुकले' म्हणून पत्र टाकायची लाज वाटत होती. म्हटलं, हातात काही असेल तेव्हाच लिहीन. आता आहे.

तुझं पत्र आलं त्या सोमवारी मी मेहेंदळे साहेबांच्या खोलीत गेले आणि तुझं नाव न घेता सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "अहो, मी सहज बोललो हो." मी म्हटलं, "साहेब, आपण सहज बोललो, पण लग्नं थांबली." सामुदायिक विवाहाचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. तिथपर्यंत ठीक. पण विहिरीचं नाव काढलं की आमचे इंजिनिअर म्हणायचे, सांडपाणी पाइपातून जातं, विहिरीत जायचा प्रश्नच येत नाही. महिनाभर हेच. मी रोज विचारायचे, ते रोज पाइप दाखवायचे.

खरं काम केलं तुमच्या लग्नाळू पोरांनी. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत पंढरी, भिवाजी, गुणाजी, झाडून सगळे साहेबांच्या दाराशी. साहेबांना वाटलं बोनस. म्हणाले, "बोनसचं युनियनशी बोलू." पंढरी म्हणाला, "बोनस राहू द्या साहेब. आमची लग्नं लावा."

"मी कशी लावू?"

"विहीर साफ करून द्या. आवडाबाई गात नाही तवर आम्हाला कोण पोरगी देतंय? माझा साखरपुडा गेल्या दिवाळीच्या आधी झालाय. सासरा रस्त्यात भेटला तर तोंड फिरवतो."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही संप करणार?"

"नाय साहेब, संप कशाला? आम्ही काम करू. फक्त जेवणाच्या सुट्टीत इथं येऊन बसू. लग्न होईपर्यंत."

आणि बसायला लागले, सगुणा. घोषणा नाहीत, काही नाही. रोज डबे घेऊन साहेबांच्या खिडकीखाली बसायचे आणि न बोलता जेवायचे. चौथ्या दिवशी साहेबांचा स्वतःचा डबा तसाच परत गेला. पाचव्या दिवशी त्यांनी इंजिनिअरला बोलावलं आणि विचारलं, "सांडपाण्याचं राहू द्या. रंगाची रिकामी पिंपं आपण धुतो कुठे?" इंजिनिअर पुढे, साहेब मागे. मीही बरोबर गेले. भिंतीच्या आतल्या बाजूला, तुमच्या विहिरीच्या बरोबर पाठीशी, उघड्या जमिनीवर. माती इतकी रंगली होती की होळी खेळून गेल्यासारखी. साहेब बूट रंगेपर्यंत तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून बंद."

तर आता पिंपं दुसऱ्या टोकाला, पक्क्या फरशीवर धुतली जातील. इथली माती खणून नेताहेत. आणि पुढच्या आठवड्यात विहीर उपसायला पंप येईल. पुरे होईल ना गं? वैशाख फार लांब नाही.

तुझी
शुभदा

•

मांडेपाडा
२६ एप्रिल १९८७

प्रिय शुभदा,

बस खाली आधी, आणि पाणी पी. मग वाच.

पंप आले, विहीर उपसली. गाळ काढला तेव्हा बायका काठावर उभ्या होत्या. चार रंगांचे थर होते, एकावर एक. माझी आई एकेक थर बघून सांगत होती, हा अमकीच्या बारशाचा, हा तमक्याच्या बाराव्याचा. सगळ्या गावाला वाटलं, झालं आता.

आणि नवं पाणी भरलं ते फिकट गुलाबी.

नेमके त्याच दिवशी बाळकुमहून सहदेवला घेऊन त्याचे मामा आलेले. ओटीवर बसून चहा घेतला, विहिरीत डोकावून आले, आणि बाबांना म्हणाले, "देवाच्या मनात नसंल तर आपण काय करायचं?" बाबांनी मान खाली घातली. त्या दिवशी हसलेला माणूस तो, शुभदा. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याचा चेहरा बघून रडूच आलं. मी शाळेचं निमित्त काढून बाहेर पडले आणि मैदानात जाऊन बसले.

सहदेव मात्र मामाबरोबर परत गेला नाही. दुसऱ्या दिवशी पंढरीबरोबर विहिरीत उतरला. गाव बघत होतं. लग्नाआधी नवरा मुलगा सासुरवाडीच्या विहिरीतला गाळ काढतोय, असं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तुमच्या मेहेंदळे साहेबांनीही, तू सांगितलंस म्हणून असेल किंवा खिडकीखालच्या डब्यांच्या धसक्याने, पंप दुसऱ्यांदा पाठवला. पुन्हा उपसली.

यावेळी पाणी भरलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोलायची भीतीच बसली होती. आवडाआत्या आली. तिने आपल्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा दोरीला बांधून विहिरीत सोडला, दिवसभर ठेवला आणि संध्याकाळी आमच्या अंगणात वाळत घातला. आम्ही सगळे त्या फडक्याकडे बघत बसलो. वाळलं. पांढरं होतं.

आत्याने ते दोरीवरून काढलं, हाताने सरळ केलं, घडी घातली, आणि मग खोकून घसा साफ केला. बाबा उठून उभेच राहिले.

तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी निरोप दिलाय तो लक्षात आहे, प्यायला नळच. तुमचा सांडपाण्याचा पाइप सुटतो त्या नाल्याचं पाणी अजून रंगीतच जातंय, त्यावर आपलं भांडण व्हायचं आहे. पण हळदीला विहीर मिळाली. हळद ९ मेला शनिवारी, लग्न रविवारी. पहिला मान माझा, कारण वैशाखाची अट माझी. मग पंढरी, भिवाजी, रांगच लागली आहे.

आत्याची एक अट आहे. हळदीला तुझे साहेब आलेच पाहिजेत. का, ते सांगत नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "हळदीला बोलवाचा तर कारन कसला लागतं?" सोबत अक्षता पाठवते आहे. थोड्या तुझ्या, थोड्या त्यांच्या. घेऊन ये त्यांना, आणि या वेळी गाडीतून उतरून खुशाल हाक मार.

तुझी
सगुणा

•

नौपाडा, ठाणे
१२ मे १९८७

प्रिय सौभाग्यवती,

तू आत चुडा भरत होतीस म्हणून बाहेर काय झालं ते तुला ऐकीव कळलं असणार. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

साहेब पांढरा सफारी घालून आले होते. गाडीत दोनदा म्हणाले, "शुभदा, मला तिथे काय बोलायचं ते सांगून ठेवा." मी म्हटलं, "काही बोलू नका, तेच बरं." मांडवाच्या कडेला नारळ हातात धरून उभे राहिले. तुझी आत्या गात होती. साहेबांना बघितलं आणि गाणं मधेच थांबवलं. वाजंत्री थांबली. ती उठली, हळदीच्या परातीत हात घातला आणि मूठ भरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.  मला वाटलं, दोन वर्षांचं काम गेलं आता.

"सायेब," ती म्हणाली, "त्या दिशी तुमी बोल्लेलं, हलद वाचंल."

"बोललो होतो, बाई. चुकलं माझं."

"चुकलं का काय ते तुमचं तुमी बगा. पन आमचेकरं हलद वाचवाची नसते. लावाची असते."

आणि तिने ती अख्खी मूठ त्यांच्या गालापासून गळ्यापर्यंत आणि गळ्यापासून सफारीच्या खिशापर्यंत लावली, सावकाश, एखाद्या भिंतीला गिलावा करावा तशी. साहेब हलले नाहीत. डोळे मात्र मिटून घेतले होते.

सगळ्यात आधी हसल्या त्या बायका. यावेळी मला नीट दिसलं. तुझी आई तर खांबाला धरून हसत होती. मग साहेबच हसायला लागले, आणि मग पुरुष. तुझे बाबा सगळ्यात शेवटी, आधी बहिणीच्या तोंडाकडे बघून. आत्याने गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

परतताना साहेब शिळफाट्यापर्यंत रुमालाने गळा पुसत होते. मग हळूच विचारलं, "शुभदा, हळदीचा डाग जातो का हो?" मी म्हटलं, "साहेब, रंगाचा कारखाना आपला आहे." काल त्यांनी तो सफारी खरंच प्रयोगशाळेत पाठवला. साबण लावला तर डाग लाल झाला. आणखी काही लावलं तर तपकिरी. गेला नाही. आमचे इंजिनिअर म्हणाले, पक्का रंग आहे. आता साहेबांनी नाल्याची फाइल मागवली आहे. कुणी मागायच्या आधी. मी टेबलाशी उभी राहून मनातल्या मनात तुझ्या आत्याच्या पाया पडले.

तू विहिरीच्या पाण्याने न्हालीस, ते बायकांनी मला बघू दिलं नाही. कसं होतं गं?

तुझी
शुभदा

•

बाळकुम
२० मे १९८७

प्रिय शुभदा,

सासूबाईंच्या उशाशी बसून लिहिते आहे. त्यांची तब्येत सुधारली, निदान मला कामं सांगण्याइतकी तरी. इथून खाडी दिसते. सहदेव रात्रपाळीहून आला की मीच त्याला 'पुढे सरका' म्हणते.

पाणी कसं होतं विचारतेस. पाटावर बसवलं तेव्हा सगळ्या म्हणत होत्या, डोळे मीट, हळद जाईल डोळ्यांत. मी मिटले नाहीत. दोन वर्षं त्या विहिरीत डोकावताना आधी रंग बघायची सवय लागली होती ना. आईने पहिला तांब्या माझ्या डोक्यावर धरला आणि जरा थांबली. ती पण बघत होती.

तांब्यातल्या पाण्याला काहीच रंग नव्हता, शुभदा. पिवळं झालं ते माझ्या अंगावरून वाहून गेल्यावर.

तुझी
सगुणा